दादाचा कोट

"उघडलं नाही, वापरलं नाही. मग परत घ्यायला तुमचं काय जातंय?" काउंटरपलीकडची बाई म्हणाली.

अक्काचं काहीच जात नव्हतं. तिने कॉफीचं यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. वरचा चमकदार कागद तसाच होता, फक्त एका कोपऱ्यात नखाने फाडून आत काय आहे तेवढं बघितलेलं.

"कारण काय लिहू?" तिने विचारलं.

"नणंदेने दिलंय, असं लिहा," बाई म्हणाली. रांगेतले दोघं-तिघं हसले. अक्काही हसली. समोरच्या पडद्यावर 'नको होतं' या खुणेवर बोट ठेवून तिने यंत्र मागच्या ढिगात सरकवलं आणि पुढच्याला बोलावलं.

सुट्ट्या नुकत्याच संपल्या होत्या. या दिवसांना दुकानात परतीचे दिवस म्हणत. ज्या दारातून लोक ढकलाढकली करत आत आले होते, त्याच दारातून ते आता तीच खोकी घेऊन पुन्हा येत. कुणाला रंग पसंत नव्हता, कुणाकडे तीच वस्तू आधीपासून होती, आणि पुष्कळांना काहीच नको होतं. अक्का खरं म्हणजे दुसऱ्या मजल्यावरची, पुरुषांच्या कपड्यांची. उमेदीची सगळी वर्षं तिने तिथेच काढली होती. माणूस जिना चढून वर येईपर्यंत त्याचं माप तिच्या मनात तयार असे. परतीच्या काउंटरवर तिला आणून बसवलं ते चेहऱ्यामुळे. "तुमच्याकडे बघून कुणाला भांडावंसं वाटत नाही, अक्का," असं सुपरवायझर म्हणाला होता. तो वयाने तिच्या निम्म्याएवढा. ही स्तुती होती की आणखी काही, ते तिला नीट कळलं नव्हतं.

पूर्वी दुकान एका म्हाताऱ्या मालकांचं होतं. मोठ्या सुट्टीच्या आदल्या दुपारी ते स्वतः गल्ला बंद करत, रेंगाळणाऱ्या गिऱ्हाइकांना गोडीगुलाबीने बाहेर काढत आणि "चला, मलाही घर आहे," असं म्हणत शटर ओढत. अक्का तडक बस पकडून दादाकडे जाई. आईवडील लवकर गेले. दादाने बस चालवून तिला वाढवलं, शिकवलं, आणि लग्न करायचं नाही असं तिने सांगितलं तेव्हा दोन दिवस न बोलता राहून मग तेही मान्य केलं. सुट्टीला त्याच्या घरी विशेष असं काही नसे. भरपूर जेवायचं, पत्ते खेळायचे, त्यात दादाने लबाडी करायची आणि वहिनीने ती पकडायची, मग दुपारी सगळ्यांनी आडवं व्हायचं. द्यायचं-घ्यायचं असं कुणाच्या मनातही येत नसे.

पुढे मालक गेले, मुलांनी दुकान एका कंपनीला विकलं. पहिल्या वर्षी आदल्या दिवशी शटर संध्याकाळपर्यंत वर राहिलं. मग रात्रीपर्यंत. मग ऐन सुट्टीच्या दिवशी अर्धा दिवस, आणि एकदा अर्ध्याचा पूर्ण झाल्यावर त्याबद्दल बोलायचंही कुणी राहिलं नाही. दिव्यांच्या माळा आधी सुट्टीच्या आठवड्यात लागत, आता लोक पंख्याखाली बसलेले असतानाच लागू लागल्या. माळा लागल्या की एकच गाणं सकाळपासून वाजायला लागे, आणि माळा उतरेपर्यंत कुणाला रजा मिळत नसे. याला कंपनीत 'हंगाम' म्हणत.

पहिल्यांदा जाता आलं नाही तेव्हा अक्काला फार चुटपुट लागली. म्हणून तिने दादाकडे मिक्सर पाठवला. दुकानात सोय होतीच. वस्तू निवडायची, कागद निवडायचा, छापलेल्या मजकुरांतला एक मजकूर निवडायचा, की दुकानाचा माणूस घरपोच देऊन येई. पुढच्या वर्षी तिने पाय चोळायचं यंत्र पाठवलं. या वर्षी कोट पाठवला, उत्तम लोकरीचा, गडद निळा. तो मात्र तिने दुसऱ्या मजल्यावर जाऊन स्वतः निवडला होता. सुट्टीच्या दिवशी गोदामात उभं राहून फोन केला तेव्हा दादा म्हणाला, "मस्त आहे. तू जेवलीस का?" आवाज नेहमीसारखा भरदार होता. मागून वहिनीचा आवाज आला, मग दादाने फोनवर हात ठेवला असावा. तेवढ्यात अक्काला कुणीतरी हाक मारली आणि बोलणं तिथेच राहिलं.

आता रांगेत एका बाईच्या मागे एक म्हातारा माणूस उभा होता. सडपातळ, गळ्याशी शर्ट सैल, हातात दुकानाचीच मोठी पिशवी. त्याने एकदा पिशवी खाली ठेवली आणि पुन्हा उचलली. याच्या घरच्यांनी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचं की, असं अक्काच्या मनात आलं. तिने पुढच्या बाईचे बूट परत घेतले, खोक्यात डावा-उजवा दोन्ही आहेत ना ते पाहिलं, आणि मान वर न करता म्हणाली, "या, काका."

"काका कुणाला म्हणतेस गं, बेबी?"

अक्काने वर पाहिलं. क्षणभर तिला आवाज ओळखीचा वाटला आणि माणूस परका. मग दोन्ही एक झाले.

"दादा?"

"मला वाटलं तू वर असतेस," दादा ओशाळून म्हणाला. "म्हटलं, खालच्या खाली बदलून गुपचूप पाय काढावा. इथे तूच बसलेली."

"काय बदलायचंय?"

"कोट. चांगला आहे, बरं का. नको म्हणून नाही आणला परत. ते पाय चोळायचं यंत्र कपाटावर आहे, वहिनी त्याच्यावर ओले टॉवेल टाकते. हा मात्र मी घालणार आहे. थंडी फार वाजते हल्ली. पण माप जरा मोठं झालंय."

"तुझंच माप आहे. नेहमीचं."

"हो ना," दादा म्हणाला. "कोटाची काही चूक नाही. मीच आटलोय."

मागून कुणीतरी घसा खाकरला. अक्काचं तिकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या मनगटाकडे बघत होती. घड्याळाचा पट्टा आणखी एक भोक पाडून आत घेतलेला होता, तरी घड्याळ फिरून हाताच्या आतल्या बाजूला गेलं होतं.

"काय झालंय तुला?"

"घरी ये, सांगतो. लोक खोळंबलेत."

"दादा, काय झालंय?"

"पोटाचं ऑपरेशन झालं. आता बरा आहे. आधी तुझं काम कर."

अक्का उठली. 'शेजारच्या खिडकीत जावे' ही पाटी तिने काउंटरवर उभी केली. शेजारच्या खिडकीत कुणीच नव्हतं, त्यामुळे रांगेत कुरकुर सुरू झाली आणि ती ऐकून सुपरवायझर धावत आला.

"अक्का, कुठे निघालात? रांग बघितलीत का?"

"बघितली. त्यात माझा भाऊ होता."

तो काहीतरी बोलणार होता. पण त्याने दादाकडे पाहिलं. मग अक्काच्या खुर्चीवर स्वतः बसला आणि पहिल्याच माणसाला म्हणाला, "थांबा हं, हे चालू कसं करतात ते बघतो."

सरकत्या जिन्यावर दादाने कठडा घट्ट धरला. आयुष्यभर बस चालवलेला माणूस, तोल कधी जात नसे. अक्का एक पायरी खाली, त्याच्या मागे उभी राहिली. दुसऱ्या मजल्यावर नवा माल लागत होता. पातळ शर्ट, उन्हाळी टोप्या. कोट एका कोपऱ्यात दाटीवाटीने लोटलेले होते. तिथल्या सेल्समनने, जो पूर्वी तिच्या हाताखाली होता, न विचारता तिला वाट करून दिली.

तिने एक माप लहान काढलं. मग दादाकडे पाहून ते परत अडकवलं आणि दोन मापं लहान काढलं.

कपडे घालून बघायच्या खोलीत दादाला हात मागे घालून बाही सापडेना. "ये आत," तो म्हणाला. ती आत गेली. त्याने हात वर केल्यावर शर्ट उचलला गेला आणि पोटावरचा लांब उभा व्रण दिसला, अजून लालसर. अक्काने कोट धरला, एक हात आत घातला, मग दुसरा.

"कधी झालं?"

"तुमच्याकडे दिवे लागले ना, तेव्हाच. बसमधून जाताना मला दिसले. वहिनीला म्हटलं, झाला बेबीचा हंगाम सुरू."

"बसने कुठे निघाला होतास?"

"हॉस्पिटलला. भरती व्हायला."

अक्काने बटणं लावायला घेतली. "मला कळवलं नाहीस."

"वहिनी म्हणत होती कळवू या. मीच नको म्हटलं. तुला रजा मिळत नाही, उगाच जिवाला घोर. सुट्टीच्या दिवशी तुझा फोन आला तेव्हा ती सांगायलाच निघाली होती. फोन हातातून ओढून घेत होती."

"मी आले असते."

"आली असतीस?" दादाने विचारलं.

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि म्हणूनच अक्काला पटकन हो म्हणता आलं नाही. त्या दिवसांत दुकानातल्या एकीची मुलगी आजारी होती. तिने रजा मागितली तर सुपरवायझरने तिला सगळ्यांसमोर हंगामाचं महत्त्व समजावलं होतं. अक्का तेव्हा बाजूलाच उभी राहून खोक्यांना फिती बांधत होती. तिने फिती बांधायचं थांबवलं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"मग बरंच केलं मी," दादा म्हणाला आणि आरशात बघू लागला. कोट खांद्यावरून उतरत होता. छातीशी अजून एक माणूस मावला असता. "हा बरोबर बसला," तो म्हणाला.

याहून लहान माप पुरुषांत नव्हतं, हे अक्काला ठाऊक होतं. "हो," ती म्हणाली. "छान दिसतोय."

बाहेर, बायकांची खरेदी होईपर्यंत नवऱ्यांनी बसावं म्हणून ठेवलेल्या बाकावर दोघं बसली. दादाला दम लागला होता. तिने डॉक्टर काय म्हणतात ते विचारलं.

"काढता आलं तेवढं काढलं, म्हणाले. राहिलेलं औषधांवर बघू. औषध घेतलं की दोन दिवस अन्न जात नाही. तिसऱ्या दिवशी वहिनी ओरडते, मग जातं." त्याने घड्याळ फिरवून पुन्हा मनगटावर आणलं. "डॉक्टर भला माणूस आहे. किती दिवस, असं विचारलं तर म्हणतो, तुम्ही चांगलं खा."

अक्काने मान हलवली. तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. शिडीवर चढून एक कामगार वरच्या पंख्याला बांधलेली दिव्यांची माळ सोडवत होता. तिचं दुसरं टोक खाली उभ्या माणसाच्या हातात होतं आणि तो "हळू, हळू, पुढच्या वेळेला लागणारंय" म्हणत ती गुंडाळत होता.

"वहिनी एकटीच करते सगळं?" तिने विचारलं.

"करते. रात्री बसल्या बसल्या झोपते. मी हाक मारली की दचकून उठते. तिचंही वय झालंय."

"मी आज येते तुझ्याबरोबर."

"आणि ही नोकरी?"

"बघू."

खाली सुपरवायझरच्या नाकी नऊ आले होते. रांग दारापर्यंत गेली होती आणि त्याने एका माणसाची इस्त्री दुसऱ्याच्या नावावर परत घेतली होती. "आलात? बसा पटकन," तो उठत म्हणाला. अक्का बसली. इस्त्रीचा घोळ निस्तरला, दादाचा मोठा कोट परत घेऊन लहान कोट नोंदवला, आणि खणातून आपली पर्स काढून पुन्हा उठली.

"मी घरी जातेय," ती म्हणाली. "भावाचं ऑपरेशन झालंय. घरात करणारं माणूस एकच आहे."

"उद्या याल?"

"नाही. उद्या नाही, आणि हा आठवडाही नाही. पुढचं फोनवर सांगते."

सुपरवायझरने रांगेकडे पाहिलं. "आठवड्याचं मी काहीतरी बघतो," तो हळू आवाजात म्हणाला. "पण सोमवारी पुढची सजावट लागतेय, अक्का. एकदा ती लागली की माझ्याही हातात काही राहत नाही."

"माहीत आहे."

"मग?"

"मग तुम्ही नवीन माणूस बघायला घ्या," अक्का म्हणाली. आवाज तिने चढवला नाही. रांगेतल्या पहिल्या माणसाला वाटलं, ती त्यालाच काहीतरी सांगते आहे. त्याने खोकं पुढे सरकवलं.

बाहेर दुपारचं ऊन होतं, पण वारा बोचरा होता. दादाने नवा कोट अंगातच ठेवला होता. थांब्यावर फारसं कुणी नव्हतं. एक बस आली, ती दुसरीकडची निघाली. दादाने सवयीने ड्रायव्हरकडे बघून हात केला. त्या पोरसवदा ड्रायव्हरने त्याला ओळखलं नाही, तरी हात केला.

"वहिनीला फोन करू का?" अक्काने विचारलं. "अचानक बघून घाबरायची."

"नको. घरात काही नाही म्हणून बाजारात पळेल. आपणच काहीतरी घेऊन जाऊ."

"तुला काय जातं सध्या?"

दादाने विचार केला. "मऊ भात," तो म्हणाला. "आणि पत्ते आणू नवीन. जुन्यातले दोन हरवलेत."

"हरवलेत, का तू लपवलेस?"

तो हसला, आणि हसताना पोट धरलं. लांबून त्यांची बस येताना दिसली. थांबवण्यासाठी त्याने हात वर केला तशी कोटाची बाही घसरून खाली आली आणि बोटं दिसेनाशी झाली. अक्काने पर्स काखेत धरली, त्याचा हात आपल्याकडे घेतला आणि बाही दुमडली. एका घडीने भागलं नाही, म्हणून आणखी एकदा दुमडली. मग त्याने न सांगता दुसरा हात पुढे केला, आणि ती तीही बाही दुमडेपर्यंत बसकडे बघत शांत उभा राहिला.