हिरवागार पालक

ताईच्या मळ्यातला पालक उगवायचा, बोटभर वाढायचा आणि तिथेच पिवळा पडून बसायचा. मळ्याच्या वरच्या अंगाला बॅटऱ्यांचा कारखाना होता. तो बंद पडून जमाना झाला, पण त्याच्या सांडपाण्यातलं विषारी कॅडमियम मातीत मुरलं ते मुरलंच.

"जमीन आजारी आहे, पण डॉक्टर घरचीच आहे," असं भाऊजी येईल-जाईल त्याला सांगत. डॉक्टर म्हणजे ताईची धाकटी बहीण. तिची डॉक्टरकी झाडांची. कधी वाढायचं, कधी दम धरायचा, हे झाडाला त्याच्या अंगातली संप्रेरकं सांगतात. त्यांच्यावर तिचं काम चालायचं. विषारी मातीत झाड हाय खातं, पण वरून संप्रेरकाचा फवारा दिला तर तग धरतं. कुंड्यांमधून तिनं ते करून पाहिलं होतं. तिथं विष मुळांतच अडकून राहिलं होतं, पानांत फारसं चढलं नव्हतं.

ताईनं फार गळ घातली, तेव्हा तिनं बाटली आणून दिली. "कोपऱ्यातल्या दोन वाफ्यांवरच मारा. आणि मी पानं तपासेपर्यंत विकायचा नाही, खायचाही नाही."

"तुझ्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही?" भाऊजी म्हणाले.

पालक असा तरारला की बघत राहावं. धाकटी पानं घेऊन गेली. तपासणीचा आकडा आला. पिवळ्या पानांत होतं त्याहून जास्त कॅडमियम या हिरव्या पानांत होतं. कुंडीतली माती वेगळी, मळ्यातली वेगळी. इथं झाड जगलं, वाढलं, भरभरून पाणी ओढत राहिलं आणि पाण्याबरोबर विषही वर घेत राहिलं.

ती तडक मळ्यावर आली. कोपऱ्यातले वाफे सोडाच, सगळा मळा हिरवागार झाला होता. भाऊजी टेम्पोत जुड्या चढवत होते.

"भाऊजी, हे काय? बाटली तर एवढीशी होती."

"दुकानात तसलंच औषध मिळतं. शेजारचेही घेऊन गेले."

"पानांत विष आहे. आधीपेक्षा जास्त."

भाऊजींनी एक जुडी उचलून उलटसुलट पाहिली. "यात? अगं, किडलेलं पानसुद्धा नाही एक."

"ते डोळ्यांना दिसत नाही."

"मग गिऱ्हाइकाला तरी कुठून दिसणार?" ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, आणि तिला तेच जड गेलं. ते पुन्हा जुड्या चढवू लागले.

ती आत गेली. ताई खाटेवर कंबर धरून बसली होती. हल्ली तिची हाडं ठणकायची, पाय सुजायचे.

"ताई, तू तरी हा पालक तोंडात घालू नकोस."

"हा नाही खात गं. हा विकायचा," ताई म्हणाली. "पिवळा असायचा तेव्हा कुत्रं विचारायचं नाही. टाकवतो का? मग आम्हीच खायचो. रोज."

धाकटी खाटेच्या कडेवर टेकली. इतकी वर्षं ती असल्या मातीचा अभ्यास करत होती, पण बहिणीच्या ताटात काय असतं हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

तपासण्यांत कॅडमियमनं ताईच्या मूत्रपिंडांची वाट लावलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, जे गेलं ते परत यायचं नाही.

धाकटी अन्नतपासणीच्या कचेरीतही जाऊन आली. साहेबांनी जुडी हातात घेतली, मालाचं कौतुक केलं आणि विचारलं, "पहिली बाटली कुणी दिली?"

"मी दिली."

"मग जरा विचार करून तक्रार करा," ते म्हणाले.

तिनं तरीही केली. कुणी फिरकलं नाही.

कारखान्याच्या भिंतीपर्यंतची सगळी पडीक जमीन आता लागवडीखाली आली आहे. ताईला दवाखान्यात न्यायचं असलं की भाऊजी टेम्पो पुढं आणतात. मागं जुड्या भरलेल्या असतात, पुढं दोघी बहिणी बसतात. आधी मंडई लागते, मग दवाखाना. मंडईत माल उतरेपर्यंत धाकटी ताईचे सुजलेले पाय मांडीवर घेऊन चोळत बसते.