वीतभर कापलेले पाय

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपाशी जे सगळ्यांत बुटकं टेबल दिसतं ना, तेच मी. माझी पाच भावंडं माझ्यापेक्षा वीतभर उंच आहेत. जन्मलो तेव्हा मात्र आम्ही सहाही जण सारखे होतो.

एका म्हाताऱ्या सुताराने आम्हाला सागवानातून घडवलं. "उंची किती ठेवू?" असं त्याने विचारलं, तेव्हा त्या वेळचे मुख्याध्यापक ताठ उभे राहिले आणि कमरेच्या जरा वर हात धरून म्हणाले, "इथपर्यंत." गृहस्थ होते ताडमाड. शाळेत चारशे मुलं होती, पण माप घेतलं गेलं ते एकट्या त्यांचं. मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट माझ्या उंचीचा मला तोराच होता. आणि त्याहून मोठा तोरा होता माझ्या खणाचा. पितळी कडीचा रुंद खण! त्यात ड्रॉपर असायचे, लिटमसच्या पट्ट्या असायच्या आणि प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या मामांचा जुना चष्माही असायचा.

पुष्कळ वर्षं मी मुलांचे प्रयोग अंगावर झेलले. आम्लाचे डाग पडले, कर्कटकाने कोरलेली नावं उमटली. मामा मला पुसताना म्हणायचे, "हे आपलं राजा टेबल." मी सुखावून जायचो.

मग एके वर्षी सातवीत एक मुलगी आली. ती चाकांच्या खुर्चीवर बसायची आणि कुठलीही गोष्ट "का?" विचारल्याशिवाय सोडायची नाही, म्हणून वर्गाने तिचं नाव ठेवलं वकीलबाई. तिची जोडीदारीण सगळी कामं भरभर करायची, तिचं नाव घाईबाई. दोघींची जागा माझ्यापाशी होती.

पण माझा वरचा पृष्ठभाग वकीलबाईच्या हनुवटीशी यायचा. त्यावर ठेवलेल्या फ्लास्कमध्ये वरून डोकावणं तिला जमेना, हात पोहोचेना. मग आपोआपच एक वाटणी ठरून गेली. घाईबाई प्रयोग करायची आणि वकीलबाई वहीत लिहायची. फ्लास्कमधल्या आम्लात सूचक घालून थेंबथेंब आम्लारी सोडायची आणि फिका गुलाबी रंग टिकला की लगेच थांबायचं, असा तो प्रयोग होता.

"झालं गुलाबी," घाईबाई सांगायची.

"किती गुलाबी?"

"अगं, गुलाबी म्हणजे गुलाबी. लिही ना!"

वकीलबाई लिहायची. तिच्या वहीवर दर वेळी दहापैकी दहा गुण पडायचे. विज्ञानाचे सर वही उंच धरून वर्गाला दाखवायचे, "बघा, वही असावी तर अशी." तेव्हा ती खाली मान घालायची. सरांना वाटायचं, लाजली. मी तिच्या अगदी जवळ होतो. ती लाजत नव्हती.

वार्षिक प्रात्यक्षिक परीक्षा महिन्यावर आली. सर मोठ्या मायेने म्हणाले, "तू काळजी करू नकोस. तुला प्रात्यक्षिकातून सूट आहे. वर्गाचे सरासरी गुण देऊन टाकू."

"सरासरी नको, सर. शून्य मिळालं तरी चालेल, पण ते माझं पाहिजे."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच म्हणतोय मी."

"माहीत आहे, सर. म्हणून तर भांडताही येत नाही."

सर पुढच्या टेबलाकडे वळले. पण कोपऱ्यात बाटल्या पुसणाऱ्या मामांचा हात थांबला.

रविवारी मामा करवत घेऊन आले. माझे चारही पाय त्यांनी वीतभर कापले. मित्रांनो, खोटं कशाला सांगू? मला वाईट वाटलं. शेजारच्या भावंडांकडे आता मान वर करून बघावं लागणार होतं. राजा टेबलाचा पाट झाला, असं मनात आलं.

सोमवारी वकीलबाई खुर्चीची चाकं फिरवत आली आणि तिचे गुडघे खाडकन माझ्या खणावर आपटले. खुर्ची पुढे सरकेना. मामांचा चेहरा पडला.

"मामा, माप कशावरून घेतलंत?"

"आजारी मुलांच्या खोलीत तशीच एक खुर्ची आहे ना, तिच्यावरून."

"रिकामी?"

"हो."

"मामा, रिकाम्या खुर्चीला गुडघे नसतात."

घाईबाई फिस्सकन हसली. मामाही हसले आणि कानाची पाळी धरून म्हणाले, "चुकलंच माझं. तुलाच आधी विचारायला हवं होतं. आता तूच सांग."

"खण काढा."

अशा रीतीने माझा पितळी कडीचा खण गेला आणि त्या पोकळीत तिचे गुडघे आले. वकीलबाईने पहिल्यांदा फ्लास्कमध्ये वरून पाहिलं. ड्रॉपर दाबला. एक थेंब, दोन थेंब... आणि ड्रॉपर जोरात दाबला गेल्यामुळे एकदम सात-आठ. सगळं आम्ल बोगनवेलीच्या रंगाचं झालं. प्रयोग फसला. सरांनी लाल शाईने दहापैकी चार दिले.

ती वही तिने वर्गभर फिरवली. "बघ, हे चार माझे आहेत. आणि गेलेले सहासुद्धा माझेच."

सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते. सूट मिळालेल्यांच्या यादीतलं तिचं नाव त्यांनी त्याच दिवशी खोडलं.

परीक्षेपर्यंत ती रोज शाळा सुटल्यावर माझ्यापाशी बसायची. थेंब टाकायची, फ्लास्क गोल फिरवायची, आलेला रंग विरून जाईपर्यंत थांबायची, मग पुढचा थेंब टाकायची. परीक्षेच्या दिवशी असाच एक थेंब पडला, फ्लास्क फिरला आणि रंग विरला नाही. अगदी फिका, जेमतेम दिसेल एवढा. तिने ड्रॉपर खाली ठेवला.

सरांनी थेंबांचा आकडा लिहून घेतल्यावर पलीकडून घाईबाईने हळूच विचारलं, "किती गुलाबी?"

"ये, बघ."

त्याला आता बरीच वर्षं झाली. वकीलबाई शाळेतून गेली. माझ्यापाशी आता बुटकी मुलं येतात, पायाला प्लास्टर घातलेली येतात, गुडघे दुखतात म्हणून कधीकधी सरही येऊन बसतात. मागच्या महिन्यात नवे ओटे बांधायला गवंडी आला. "उंची किती ठेवू?" त्यानेही तेच विचारलं. म्हातारे झालेले मामा म्हणाले, "थांबा जरा, मुलांना बोलावतो. सगळ्यांना."

म्हणून मित्रांनो, एवढंच मागतो. कुणासाठी काही करायला निघालात, तर करवत उचलण्याआधी त्याला विचारा. माझ्यात आता काही ठेवता येत नाही, हे खरं. पण माझ्यापाशी कुणालाही बसता येतं.