अंग की पोट

पांढऱ्या फडक्यावर चांदीसारखा भुगा.

साडू म्हणजे एकाच उंबऱ्यातून दोन बहिणी नेलेले दोन परके.

गाडीच्या नाकाशी बसवलेल्या, एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत एकही किडा नाही. लख्ख.

सासरे फार चिडले की 'जावईबापू' म्हणतात.

आता नीट सांगायचं तर, गाडी परत आली होती. एसीचा कॉम्प्रेसर नवा बसवून आठवडा झाला नव्हता, तोच जाम. गॅरेज सासऱ्यांचं, हात दोन जावयांचे. थोरला इथं मुरलेला, धाकटा गाड्या धुण्याच्या कामावरून नुकताच आलेला. जुना कॉम्प्रेसर आतून खरवडला गेला होता आणि त्याचा भुगा सगळ्या नळ्यांत पसरला होता. तो धुऊन काढल्याशिवाय नवा बसवला तर नवाही जातो. म्हणून सासऱ्यांनी तेव्हाच बजावलं होतं, "हे काम ज्याच्यामुळे बिघडेल त्यानं पुन्हा या गॅरेजात पाय ठेवायचा नाही."

थोरल्याला ते वाक्य फार आवडलं होतं.

"मी सांगितलं होतं, मामा," तो आता म्हणाला. "कंडेन्सर धुऊन घे, म्हटलं होतं याला."

"धुतला ना!" धाकटा उसळला. "पाण्याचा फवारा मारून धुतला."

"बाहेरून? अंघोळ घातलीस? मग पावडर का नाही लावलीस?"

"सांगितलं तेवढंच केलं, दादा. परवा कुठला नट लावायचा ते विचारलं, तर तुम्हीच म्हणालात, डोकं चालवू नकोस, आहे तेवढं पुरवून वापर."

सासऱ्यांनी फडक्याची घडी घातली. या गॅरेजात धुण्याला दोन नावं होती, त्यांनीच पाडलेली. जाळी बाहेरून धुणं म्हणजे अंग. नळ्यांत द्राव सोडून, मागून हवेचा झोत मारून भुगा बाहेर काढणं म्हणजे पोट. नुसतं 'धुणं' इथं कुणी म्हणतच नसे.

"जावईबापू," ते म्हणाले. दोघांनीही माना वर केल्या. "थोरले. काय सांगितलंत याला? अंग की पोट?"

थोरल्यानं खांदे उडवले. "धुऊन घे, म्हटलं. त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

"इतकी वर्षं तुमच्या तोंडात पोट होतं. नेमकं त्या दिवशी कुठं गेलं?"

शब्द जिभेवर आला होता. थोरल्यानं तो गिळला होता आणि चहाला निघून गेला होता.

"याला अक्कल नाही, त्याला मी काय करू?"

"त्याला नाही, ते दिसतंय मला. तुम्हाला आहे, त्याचीच किळस येते."

"पोट म्हणाले असते तर पोट धुतलं असतं," धाकटा पुटपुटला. मग जरा मोठ्यानं, "यांचंसुद्धा."

"तू गप्प बस." सासऱ्यांनी थोरल्यापुढे हात पसरला. "शटरची किल्ली."

थोरल्यानं किल्ली बॉनेटवर आपटली. रंगावर ओरखडा उठला. जाता जाता तो धाकट्याच्या कानाशी थांबला.

"पोट धुण्याआधी दोन गोष्टी खोलून बाजूला ठेवायच्या असतात, नाहीतर भुगा त्यांतच अडकतो. कुठल्या, ते जाळीला विचार."

"निघा," सासरे म्हणाले.

धाकट्याचं स्थळ या घराला थोरल्यानंच सुचवलं होतं, आपल्याला डोईजड होणार नाही असं बघून.