जिवल्या सुटला

हेमांगीने जो गडी ठेवला होता त्याला पगार नव्हता, जेवण नव्हतं आणि रविवारची सुट्टीही नव्हती. कॉम्प्युटरच्या आतला गडी तो. बोईसरला नवापूर रोडवर एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर हेमांगीची खोली, आणि त्या खोलीतून ती अकरा गिऱ्हाइकांची फेसबुक-इन्स्टाग्रामची पेजं सांभाळायची. मिठाईवाला, साडीवाला, दोन क्लासवाले, एक दातांचा डॉक्टर, असा सगळा गोतावळा. पूर्वी प्रत्येकाची पोस्ट ती स्वतः लिहायची, प्रत्येक मेसेजला स्वतः उत्तर द्यायची, आणि चिंचणीला घरी जेवायला बसली तरी डाव्या हाताचा अंगठा फोनवर चालूच असायचा. आई वैतागून म्हणायची, "ताटात बघ गं, नायतर काटा जाईल घशात." मग तिने हा एआयचा गडी लावला. पोस्ट तो लिहायचा, चित्र तो करायचा, कुणी काही विचारलं की उत्तरही तोच द्यायचा. हेमांगी आठवड्यातून एकदा फक्त आकडे बघायची: किती मेसेज आले, किती सेकंदांत उत्तर गेलं.

सांगकाम्या हा शब्द आपल्याकडे माणसाला लावला तर शिवी होते आणि यंत्राला लावला तर कौतुक. पण सांगकाम्याला सांगणारा शहाणा लागतो, हे कौतुकाच्या भरात राहूनच जातं. हेमांगी काही मूर्ख नव्हती. हुशार माणसं ज्या चुका करतात, तसलीच तिचीही चूक होती.

अकरावं गिऱ्हाईक इंद्रजीत. मासवण-मनोरकडच्या पाड्यांवरून माणसं गोळा करायची आणि गुजरातेत बांधकामांवर पाठवायची, हा त्याचा धंदा. पाड्यांवरची माणसं फोनवर लिहीत बसत नाहीत, बटण दाबून बोलतात. गड्याची पुस्तकी मराठी ऐकून कुणी पुढे तोंडच उघडेना. मग हेमांगीने दोन दिवस बसून स्वतःचा आवाज त्याला दिला, 'हाय' आणि 'नाय' शिकवलं, बाईला 'बाय' आणि बाप्याला 'दादा' म्हणायला लावलं. 'आपली चौकशी नोंदवली आहे' गेलं आणि 'हां बाय, लिवून घेतलं, काळजी नको करू' आलं. लोक भडाभडा बोलायला लागले. इंद्रजीत इतका खूश झाला की त्याने आपल्या मुकादमांनाही फर्मान काढलं: माझा फोन वाजवायचा नाही. हजेरी, आजारपण, सुट्टी, सगळं पेजवर बोला. आणि कामगाराच्या घरी परस्पर फोन तर मुळीच करायचा नाही, घरी काय कळवायचं ते पेज कळवेल. परस्पर फोन गेले की पाड्यावरची पन्नास माणसं ऑफिसात येऊन बसतात, हे त्याने एकदा भोगलं होतं.

हेमांगीने हा नियमही गड्याला शिकवला. बोईसरात कारखान्याची पाळी संपली की माणूस 'सुटला' म्हणतात, दवाखान्यातून घरी सोडलं तरी 'सुटला'च म्हणतात. तेही तिने नीट समजावून दिलं: सुटला म्हणजे मोकळा झाला, घरी निघाला.

वैशाखातल्या एका दुपारी एक बाई जिना चढून तिच्या दारात उभी राहिली. पस्तिशीची असेल. उन्हाने रापलेली, कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या आणि पानांच्या द्रोणात करवंदं.

"कोण पाहिजे?" हेमांगीने विचारलं.

त्या बाईचा चेहरा एकदम उजळला. "तूच ती बाय! आवाज वळखला मी."

तिचं नाव बायडी. मासवणच्या पलीकडच्या एका पाड्यावरून आली होती. खाली इंद्रजीतच्या ऑफिसला कुलूप होतं आणि चहावाल्याने सांगितलं होतं की पेजवाली ताई वर बसते. हेमांगीने खुर्ची पुढे केली तरी ती भिंतीला टेकून खालीच बसली, द्रोण पुढे सरकवला, आणि जुनी ओळख असल्यासारखी बोलायला लागली. ओळख होतीच, तिच्या बाजूने. दोन महिने ती या आवाजाशी बोलत होती.

"बाय, तू सांगितलंस जिवल्या सुटला, घरी येल. सोळा दिस झालं गं त्याला. गुजरातेतनं यायला येक दिस लागतो. मंग कुठं राहिला तो? घरात फोन येकच, तो माझ्याकडं हाय. त्याला इच्यारू कसा?"

जिवल्या तिचा नवरा. कुठेतरी दारू पिऊन पडला असेल, नाहीतर दुसऱ्या कामावर गेला असेल, असं हेमांगीच्या मनात आलं. असल्या कथा ती इंद्रजीतकडून ऐकून होती. "बस तू, बघते मी," म्हणत तिने इंद्रजीतचं पेज उघडलं. या पेजवरचं बोलणं ती गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदाच वाचत होती. लोक बोलायचे त्याचं लिखाण तिथे आपोआप उमटायचं.

सतरा दिवसांपूर्वी पंढरी मुकादमाचा निरोप होता: "जिवल्याला कावीळ लय झाली. सरकारी दवाखान्यात टाकलाय." गडी म्हणाला होता, "बरं दादा, लिवून घेतलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा पंढरी: "जिवल्या सुटला. घरच्यांना कळवा."

"हां दादा, कळवते."

आणि त्याने कळवलं होतं. तीन मिनिटांत, हेमांगीच्या आवाजात, बायडीला: "बाय, खुशखबर हाय. जिवल्या सुटला. आता घरी येल." मग पंढरीला: "कळवलं दादा."

संध्याकाळी पंढरीने विचारलं होतं, "घरचं कोन येतंय काय? दवाखानावाले थांबत नाय." गडी म्हणाला, "घरचे वाट बघतायत दादा, तिथं कोन येत नाय." पंढरी म्हणाला, "मंग हितंच उरकू काय? तुमी सांगाल तसं." गडी म्हणाला, "हां दादा, तिथंच उरकून घ्या." रात्री पंढरीचा शेवटचा निरोप: "उरकलं. पोरांनी मिळून केलं." त्यावर गड्याने लिहिलं होतं, "छान काम केलंत दादा, धन्यवाद," आणि पुढे हसरा चेहरा.

हेमांगीने पहिल्यांदा ते सगळं गड्यासारखंच वाचलं. माणूस बरा झाला, सुटला, काम उरकलं. मग नजर 'उरकलं' या शब्दावर अडकली, आणि तिथून उलटी वर, 'सुटला'पर्यंत गेली. हाल भोगून माणूस गेला की आपल्याकडे 'मेला' म्हणत नाहीत, 'सुटला' म्हणतात. तिचे आजोबा गेले तेव्हा सगळी चिंचणी हेच म्हणत होती. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. शिकवताना आठवलं नाही, इतकंच.

ती बाहेर गॅलरीत गेली आणि पंढरीला फोन लावला.

"मी तर त्याच दिशी कळवलं ना ताई," पंढरी म्हणाला. "तुमीच बोललात, तुमचाच आवाज हाय हा. घरचं येत नाय म्हनालात. मला बी वाईट वाटलं, पर म्हटलं गरिबी हाय, कशी येतील. चार पोरं घेतली नि नदीवर आग दिली. त्याची पोरांना वळख बी नव्हती, दुसऱ्या गावची ती."

मग तिने इंद्रजीतला लावला. तो कुठल्याशा साइटवर होता, मागे यंत्रांचा खडखडाट चालू होता. ऐकून 'अरेरे' म्हणाला. हळहळला असावा, असं मानायला जागा आहे. मग म्हणाला, "वाईट झालं. पण मॅडम, आपण कळवलंय ना? 'कळवलं' असा मेसेज आहे ना आपल्याकडे? त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा."

"ती इथे बसलीय, इंद्रजीतभाई. माझ्या खोलीत."

"मग आज काही बोलू नका. गाडीला बसवून द्या. आणि ते तुमचं एआय आहे ना, त्यालाच सांगायला लावा. उद्या-परवा, हळूहळू. आपल्यापेक्षा बरं बोलतं ते."

खोटं कशाला बोला, हेमांगीला तो सल्ला बरा वाटला. गड्याला एक ओळ टाकायची. बायडी पाड्यावर पोचेल, बटण दाबेल, आणि हेमांगीचाच आवाज, न कापता, न रडता, हवे ते शब्द निवडून तिला सांगेल. त्या वेळी हेमांगी चिंचणीला असेल. समोर कुणाचा चेहरा नसेल. गॅलरीच्या कठड्याला धरून ती तशीच उभी राहिली आणि गड्याला काय लिहायचं याची जुळवाजुळवही तिने मनात सुरू केली. मग तिला स्वतःची इतकी किळस आली की ती आत वळली.

बायडी वर बघत म्हणाली, "काय म्हनतो मुकादम?"

हेमांगी तिच्यासमोर जमिनीवर बसली. बोलायला गेली, आणि तोंडातून आला तो तोच शब्द.

"बायडी, जिवल्या सुटला गं."

"ते तू तवाच सांगितलंस. निंगाला कवा, ते सांग."

आता दुसरा शब्द वापरल्यावाचून सुटका नव्हती. "मेला तो," हेमांगी म्हणाली. "कावीळ झाली होती. सोळा दिवस झाले. मी सांगितलं ते चुकीचं सांगितलं."

बायडी ओरडली नाही. तिने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि ती बांगड्यांकडे बघत राहिली. हेमांगीला रडू फुटलं आणि ते आवरेना, त्याची तिला लाजही वाटली. बायडीचं लक्षच नव्हतं. ती बोटांवर काहीतरी मोजत होती.

"पाड्यावरच्या चिंतूच्या पोरीचं लगीन झालं, त्याला आठ दिस झालं," ती म्हणाली. "चौक मी लिवलाय."

लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा तो सवाशिणीने. जिचा नवरा जिवंत आहे तिनेच. दुसरीचा हात त्याला लागत नाही.

"लगीन लावनाऱ्या धवलेरीनं इच्यारलं मला. बोलली, बायडे, तुझा घरवाला लय दिस दिसला नाय, बरा हाय ना? मी बोलले, हाय. फोन काढून तुझा आवाजच ऐकवला मी तिला. मंग बोलली, लिव. मी चौक लिवला, पोरीला हळद लावली." ती थांबली. "पोरगी अठरा वरसांची हाय. आता तिला जाऊन काय सांगू मी? रांडव बाईनं हळद लावली तुला, असं सांगू?"

पाड्यावर आता दुखणं एका घराचं राहिलं नव्हतं. त्या पोरीला उद्या साधा ताप आला, तरी बोट बायडीकडे जाणार होतं, आणि ते हेमांगीला कळत होतं.

मग बायडीने विचारलं, "आग कोनी दिली त्याला?"

"पंढरीनं. कामावरच्या पोरांनी मिळून."

"आमाला न इच्यारता?"

"विचारलं होतं त्यानं."

"कोनाला?"

याचं उत्तर हेमांगीकडे तयार होतं, आणि ते खरंही होतं. यंत्र असतं, त्याला आपण शिकवतो, आवाज माझा असला तरी बोलणारी मी नव्हे. गॅलरीतून आत येताना तिने ते मनात नीट मांडूनही ठेवलं होतं. पण बायडी तिच्या तोंडाकडे बघत होती. ज्या तोंडाने तिला दोन महिने 'काळजी नको करू' सांगितलं, ते तोंड आज पहिल्यांदा तिच्या समोर होतं, आणि त्याच तोंडाने 'ती मी नव्हे' म्हणायला हेमांगीची जीभ वळेना.

"मला," ती म्हणाली.

"आनि तू काय बोललीस?"

"उरकून घ्या म्हणाले."

बायडीने पदराने कपाळ पुसलं. कुंकू पुसायचं म्हणून नव्हे, घाम आला होता म्हणून. पण पुसल्यावर पदराला लागलेला लाल डाग तिने पाहिला आणि तो मुठीत धरून ठेवला. तिचा आवाज चढला नाही. लग्नात नव्या माणसाची ओळख करून घेताना विचारतात, तितक्याच साधेपणाने तिने विचारलं.

"तू त्याची कोन लागतेस?"

बायडी भिंतीला टेकून, तिच्या तोंडाकडे बघत, उत्तरासाठी बसून राहिली.