आधी साक्ष, मग चहा

मित्रांनो, मी एक जुनी ॲल्युमिनियमची किटली आहे. बुडाला पोचा, झाकणाला सुतळी, आणि अलीकडे कशाचीही शिसारी येणारा स्वभाव. या कानडी शहरातल्या इंदिरानगरात भाड्याच्या हॉलमध्ये आमची मराठी ख्रिस्ती मंडळी दर रविवारी जमते. उपासना संपली की माझं काम सुरू होतं.

मिरजेच्या बाजारात पिराजींनी मला उन्हात धरून, भोक नाही ना ते बघून घेतलं. होसकोट्याच्या कारखान्यात त्यांना नोकरी लागली, तेव्हा मी त्यांच्या बायकोच्या, शालनबाईंच्या मांडीवर बसून इथे आले. मंडळीत तेव्हा चारच घरं होती. पिराजींनी साक्षीची एक रीत पाडली. कप पुढे करणाऱ्याने आधी सांगायचं, या आठवड्यात प्रभू आपल्याशी काय बोलला. कुणी मुकादमाशी समेट केल्याचं सांगे, कुणी मुलाच्या आजाराचं. "काहीच नाही बोलला," म्हणणाऱ्यालाही चहा मिळे आणि त्याच्यासाठी तिथेच प्रार्थना होई. चहा गार व्हायचा, पण लोक मला नावाजायचे.

पिराजी प्रभूत निजले आणि तो प्रश्न विचारायचं राहून गेलं. आता "आमेन" ओठांवरून वाळत नाही तोच विश्वासराव देवनहळ्ळीच्या प्लॉटांचा विषय काढतात. विमानतळ किती जवळ, रस्ता किती रुंद. तेही मी सोसलं. गेल्या रविवारी जे ऐकलं त्याची मात्र मला किळस आली.

मंडळीतल्या सुप्रीताचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. त्याआधीच्या रविवारी तिने रडत रडत हे एकट्या क्षमाबाईंना सांगितलं होतं, प्रार्थना करा म्हणून. क्षमाबाईंनी माझ्याजवळ कप धरला आणि आवाज खाली आणला.

"फक्त प्रार्थनेसाठी म्हणून सांगते हं..."

मग सगळं सांगून झालं. वर, "मुलीतच काहीतरी असणार," हेही. ऐकणारे "अरेरे, प्रभू!" म्हणाले आणि साखर मागू लागले. प्रार्थना कुणीच केली नाही. देवाचं नाव त्यांनी चहाडीवर झाकण म्हणून ठेवलं होतं, आणि त्यांचे कप भरत होते मी! मला माझ्याच तोटीची घाण वाटली.

सुप्रीता दारातच उभी होती. तिने हातातला रिकामा कप खिडकीत ठेवला आणि वळली.

शालनबाईंनी मला उचललं आणि तिच्या मागोमाग पायरीवर येऊन बसल्या. "बस गं. या आठवड्यात प्रभू काय बोलला तुझ्याशी?"

"काही नाही, अक्का. मीच बोलले नाही त्याच्याशी. आता इथे परत येणार नाही."

"सरी, ठीक आहे. मग आपण दोघी मिळून बोलू."

त्यांनी तिचा हात धरून प्रार्थना केली. थोड्या वेळाने विश्वासराव आणि क्षमाबाई कप घेऊन बाहेर आले.

"अक्का, स्वल्प चहा..."

"देते. आधी सांगा, प्रभू काय बोलला?"

विश्वासराव कपात बघत राहिले. क्षमाबाईंची नजर सुप्रीताच्या सुजलेल्या डोळ्यांवर गेली आणि त्यांचा कप हळूहळू खाली आला.

मित्रांनो, माझा पोचा नाही काढलात तरी चालेल. पण माझ्याजवळ देवाचं नाव घ्याल, तर ते कुणाचं तरी दुःख हलकं करायला घ्या. या रविवारी सुप्रीता येईल की नाही, मला ठाऊक नाही. शालनबाईंनी तिचा कप मात्र धुऊन माझ्याशेजारी पालथा घालून ठेवला आहे.