मुळं बघणारा सासरा

सासऱ्यांना सगळे 'डॉक्टर' म्हणत. शिक्षण चौथी नापास, पण कुणाचं रोप मलूल दिसलं की हे खुरपी घेऊन हजर. रोप उपटायचं, मुळं डोळ्यांपाशी न्यायची, "हं" म्हणायचं आणि पुढच्या शेतात शिरायचं. औषध कधी सांगितलं नाही, तरी रुबाब सिव्हिल सर्जनचा.

धाकट्या सुनेचे टोमॅटो गेल्या वर्षी सूत्रकृमींनी आडवे केले होते. डोळ्यांना न दिसणारे हे किडे मुळांत गाठी करतात आणि झाड उभ्याउभ्या उपाशी मरतं. डॉक्टरांनी निकाल दिला, "आणखी एक हंगाम. नाही जमलं, तर तिथे थोरल्याच्या ट्रॅक्टरची शेड." थोरल्याने लगेच पत्रे आणून ठेवले. किती ती घाई!

सून हट्टाला पेटली. उन्हाळाभर ओल्या मातीवर प्लास्टिक अंथरून तिने किडे उकडले. मग या किड्यांना मारक असलेला झेंडू दाट लावून तो जमिनीत गाडला, वर निंबोळी पेंड घातली.

"लग्न कुणाचंय?" झेंडू बघून थोरल्याने विचारलं होतं. त्याच्या तोंडी लागायला तिला वेळ नव्हता.

टोमॅटो असे तरारले की बघत राहावं. आणि मग बांधालगतची एकच ओळ माना टाकू लागली. सुनेने एक रोप उपटून बघितलं, तर मुळांना गाठीच गाठी. शेजारी डॉक्टरांनी तपासणीसाठी उपटलेल्या रोपांचे खड्डे. ते रोज सकाळी याच किडीने धरलेल्या आपल्या वांग्यांतून थेट इथे येत, हे तिला ठाऊक होतंच. त्यांच्या चपलांना आणि खुरपीला थापलेली माती मात्र तिने आज पहिल्यांदा नीट बघितली.

जेवताना तिने सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "बाबा, रोग तुम्हीच आणताय. चपलांतून."

सासूबाईंना हसता हसता ठसका लागला. डॉक्टर ताट सारून उठले. थोरला मिटक्या मारत जेवत राहिला. गेली जमीन, सुनेला वाटलं, आणि तिला फार वाईट वाटलं.

सकाळी ती रोगट ओळ उपटून जाळत होती. डॉक्टर आले. जन्मभर हा माणूस कुणाच्याही शेतात बापाचं असल्यासारखा घुसला होता. आज अनवाणी, गुडघ्यापर्यंत पाय धुतलेले, हात रिकामे. बांधापाशी येऊन थांबले आणि घसा खाकरून म्हणाले,

"सूनबाई, तुझ्या शेतात येऊ का?"