दाढ, चांदणी आणि मी

दातांच्या एका डॉक्टरांच्या ब्लॉगवरचा जुना चौकोन आहे मी. मित्रांनो, हसू नका. पानाच्या उजव्या कडेला, त्यांच्या गच्चीवरच्या टोमॅटोच्या फोटोखाली 'मी जपून ठेवलेलं' असं लिहिलंय ना, तिथे मी राहतो.

मला डॉक्टरांच्या पुतणीने घडवलं, एका सुट्टीच्या दुपारी, बिस्किटं खात खात. इंटरनेटवर काही आवडलं की डॉक्टर बुकमार्क करून ठेवायचे. पुतणी म्हणाली, "काका, नुसतं साठवून काय करता? पेशंटच्या कामाचं असेल त्यावर चांदणीची खूण करा. ते आपोआप ब्लॉगवर दिसेल."

"आपोआप?" डॉक्टरांनी चष्मा काढला.

"आपोआप. तुम्ही फक्त चांदणी द्या."

झालं, मी कामाला लागलो. ब्रश कसा धरावा, दुधाचे दात कधी पडतात, हिरड्या का सुजतात, सगळं माझ्या अंगावर झळकायचं. दवाखान्यात नंबर येईपर्यंत लोक मोबाईलवर मला वाचत बसायचे. एका आजोबांनी तर कवळी धुण्याची नवी पद्धत माझ्याकडून उचलली आणि येऊन डॉक्टरांची पाठ थोपटली. माझी छाती फुगली, चौकोनाची फुगते तेवढी.

मग डॉक्टरांचीच दाढ दुखायला लागली. जगाच्या दाढा उपटणारा माणूस स्वतःच्या दाढेपुढे पार गळाठला. शेजारच्या इमारतीतल्या डॉक्टरीणबाई त्यांच्या कॉलेजातल्या मैत्रीण. त्या "ये, काढून टाकते" म्हणाल्या, की यांना नेमकं टोमॅटोला पाणी घालायचं असायचं. मग हे गालाला हात लावून इंटरनेटवर वाचत बसत, बुकमार्क करत आणि प्रत्येकावर चांदणी देत. का? तर पेशंटच्या कामाचं होतं, आणि आता पेशंट ते स्वतः होते! इतका सरळ माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सकाळी माझ्या अंगावर ओळीने उमटलं: 'दाढ काढताना खरंच दुखतं का?', 'भूल चढलीच नाही तर?', 'डेंटिस्टकडे जाणं कसं टाळावं?'

मी तरी काय करणार? दाखवणं एवढंच मला येतं.

त्या दिवशी बेकरीवाल्या बाईंची दाढ काढायची होती. मोबाईल बघता बघता त्या ताडकन उठल्या. "अहो, डॉक्टरच घाबरतायत! मी चालले घरी."

काउंटरवरून काकू, म्हणजे डॉक्टरांच्या बायको, कडाडल्या, "अहो, सगळ्यांसमोर शोभा झाली! तो चौकोन काढा आधी!" पुतणीला फोन गेला. ती म्हणाली, "एका मिनिटात उडवते." मित्रांनो, त्या मिनिटाला माझा जीव टांगला होता.

डॉक्टर बाहेर आले. गाल सुजलेला, कान लाल. माझ्याकडे बघत म्हणाले, "राहू दे त्याला. खोटं काय दाखवलंय त्याने?" मग बेकरीवाल्या बाईंकडे वळले. "तुम्हीही घाबरताय, मीही घाबरतोय. चला, आधी माझी काढून येऊ. तुम्ही बघा, मग ठरवा."

निघाली की सगळ्या पेशंटची वरात शेजारच्या इमारतीत! बाईंच्या मोबाईलवर मी उघडाच होतो, म्हणून सगळं ऐकलं. डॉक्टर खुर्चीत बसताच पेशंट एका सुरात म्हणाले, "आ करा! मुंगी चावल्यासारखं वाटेल फक्त!" डॉक्टर रोज त्यांना तेच म्हणायचे ना. लगेच डॉक्टर ओरडले.

"अरे, मी अजून हातमोजे घालतेय!" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दाढ निघाली. बेकरीवाल्या बाई म्हणाल्या, "एवढंच? मग माझी उद्या काढा." आणि दुसऱ्या दिवशी खरंच येऊन बसल्या.

डॉक्टरांनी ब्लॉगवर लिहिलं, 'काढली. दुखलं, पण भीती वाटली होती तेवढं नाही.' त्यालाही चांदणी दिली. आता घाबरट पेशंट लांबून लांबून याच डॉक्टरांकडे येतात.

मी जुना झालोय. माझ्यातल्या कितीतरी लिंक बंद पडल्यात, दाबल्या तर कुठेच जात नाहीत. मित्रांनो, जपून ठेवलेलं अधूनमधून उघडून बघत जा. डॉक्टर बघतात. परवा पुतणीने विचारलं, "काका, ती 'दुखतं का?'वाली ओळ काढू? जुनी झाली."

"ती राहू दे," डॉक्टर म्हणाले. "लोक येतात ते तिथूनच."